आजऱ्याचे जे. पी. नाईक आणि आपल्या गावची मराठी शाळा

सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचं नाव काढा, बेळगाव-खानापूर-निपाणीतला कुठलाही माणूस उभ्याउभ्या अर्धा तास बोलेल. १९६६ साली नेमला, १९६७ साली अहवाल आला, मग आमचं काय झालं, हे सगळं आमच्याकडे पोरांना पाढ्यांसारखं पाठ. पण त्याच १९६६ सालच्या २९ जूनला दिल्लीत आणखी एका आयोगाने आपला अहवाल शिक्षणमंत्री एम. सी. छागला यांच्याकडे दिला. तो कोठारी आयोग. दहावीनंतर दोन वर्षं पीयूसी (अकरावी-बारावी) आणि पुढे तीन वर्षं डिग्री ही आपल्याला आता जन्मजात वाटणारी रचना देशभर त्याच अहवालामुळे पोचली. शाळा घराजवळ असावी आणि तिथे सगळ्या थरांतली मुलं एकत्र बसावीत, हे सूत्र त्याने ठासून मांडलं. शिक्षक संघटनांच्या मोर्चात फलकांवर दिसणारी ‘सहा टक्के खर्च करा’, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणाला द्या, ही मागणीही त्याचीच.

या आयोगाचे सदस्य-सचिव आपले शेजारी होते. संकेश्वरहून गडहिंग्लज ओलांडून पुढे गेलं की आजरा तालुका लागतो. त्यातल्या बहिरेवाडीत ५ सप्टेंबर १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. घरचं नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे ते जयंत पांडुरंग नाईक झाले आणि देशभर ‘जे. पी.’ म्हणून ओळखले गेले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी ते वारले. १९७४ साली पद्मभूषण मिळालं होतं. युनेस्कोने जगभरातल्या शिक्षणविचारकांवर लेखमाला काढली, तिच्यात गांधीजी आणि टागोरांबरोबर नाईकही आहेत. एवढं असूनही बेळगावात शंभर शिक्षकांना विचारलं तर किती जण त्यांचं नाव सांगतील, याबद्दल मला फार आशा नाही.

सदस्य-सचिव म्हणजे नेमकं काय, हे आधी बघू. आयोगाचे अध्यक्ष होते दौलतसिंह कोठारी, नामांकित भौतिकशास्त्रज्ञ आणि तेव्हाचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. परदेशी तज्ज्ञ धरून एकूण १७ जण. १२ कार्यदलं, ७ कार्यगट आणि देशभर फिरून सुमारे ९ हजार लोकांच्या भेटी. एवढ्यांचं म्हणणं गोळा करायचं, त्यातलं धान्य कुठलं नि फोलपट कुठलं ते ठरवायचं, आकडे जुळवायचे, मतभेद मिटवायचे आणि शेवटी सलग वाचता येईल असा मजकूर उभा करायचा, हे सदस्य-सचिवाचं काम. लग्नात धावपळ करणारा कारभारी जसा एकाही फोटोत सापडत नाही, तसंच हे. अहवालाला नाव अध्यक्षांचं पडतं. शिक्षणक्षेत्रातल्या सरकारी माणसाचा सन्मान करणं अवघड जातं ते यामुळे. धरण बांधलं तर भिंत दाखवता येते. यांनी आखलेला नियम आपण रोज पाळतो आणि तो कुणी आखला हे कधी विचारत नाही.

नाईक थेट दिल्लीला गेले नाहीत, आणि आपल्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला हा आधीचा भागच जास्त जवळचा आहे. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास झाल्यावर १९३० च्या दशकात ते धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या गावी राहिले. गाव पुरतं कन्नड. तिथे या मराठी माणसाने ग्रामसेवेचं आणि शिक्षणाचं काम केलं. धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे कोल्हापूरचा माणूस धारवाडात काम करतो यात कुणाला काही वेगळं वाटलं नसणार. पुढे त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्रशासनाचं काम केलं, १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, आणि भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक याही मोठ्या शिक्षणतज्ज्ञ. त्यांच्यावर वेगळाच लेख व्हायला हवा.

लोकल फंडाचा हिशेब

नाईकांना पैशाच्या हिशेबात रस होता. शिक्षणावर भाषणं करणारे पुष्कळ असतात. शाळेचा पैसा कुणाच्या खिशातून येतो आणि कुठल्या वाटेने शाळेपर्यंत पोचतो, हे खणून काढणारे कमी. मुंबई इलाख्यातल्या लोकल फंड सेसवर त्यांनी स्वतंत्र संशोधनग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘लोकल फंड’, ‘लोकल बोर्डाची शाळा’ हे शब्द अजून येतात, त्याचं मूळ इथे आहे.

भानगड अशी होती. १८६० च्या दशकात इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा जादा कर बसला. १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. या कराचा एक तृतीयांश भाग शिक्षणाला आणि उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा स्थानिक कामांना. उदाहरण घेऊ. एखाद्या शेतकऱ्याचा सारा २४ रुपये असला तर त्याला आणखी २४ आणे, म्हणजे दीड रुपया, भरावा लागे. त्यातले ८ आणे शाळेचे. चंदगडच्या पलीकडचा असो की सौंदत्तीचा, मराठी असो की कानडी, दर एकच. गावात शाळा नसली तरी आणा भरावाच लागे, आणि तक्रारही नेमकी हीच असायची: भरतो आम्ही, शाळा मात्र मोठ्या गावाला.

म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या प्राथमिक शाळा कुणी दयेपोटी दिलेल्या नाहीत. कुळंबी, रयत, जिराईतवाला अशा सगळ्यांच्या आण्यांतून त्या उभ्या राहिल्या. सरकारी शाळेला ‘फुकटची शाळा’ म्हणणाऱ्यांना हा आणा एकदा मोजून दाखवावा असं मला फार दिवस वाटतंय. आजही साबण, डिझेल, मोबाइलचा रिचार्ज यांवरच्या करातून मजूरही शाळेचे पैसे भरतोच.

न जुळणारा त्रिकोण

नाईकांच्या विचाराचा गाभा एका त्रिकोणात आहे. १९७५ साली त्यांनी तो पुस्तकात मांडला. त्रिकोणाची तीन टोकं: संख्या, दर्जा आणि समता. किती मुलं शाळेत येतात ही संख्या. आलेली मुलं काय शिकतात हा दर्जा. आणि कुणाच्या मुलाला काय मिळतं ही समता. प्रत्येक सरकार तिन्हींचं नाव घेतं. नाईकांचं म्हणणं असं की पैसा आणि माणसं मोजकी असताना ही टोकं एकमेकांना ओढतात, त्यामुळे आपण नेमकं कशाला झुकतं माप देतोय हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा संख्येने दर्जाला आणि दर्जाच्या नावाखाली समतेला बाजूला सारलं.

हे पुस्तकी वाटत असेल तर खानापूर तालुक्यात चला. जांबोटी-कणकुंबीचा पट्टा, जंगल, चार महिने धो धो पाऊस, वाड्या विखुरलेल्या. समजा एका वाडीत सरकारी कनिष्ठ प्राथमिक मराठी शाळा आहे, पहिली ते पाचवी, पट १८. शिक्षक एक. शाळा प्रत्यक्ष शिकवण्याचे पाच तास भरते असं धरा. पाच वर्ग म्हणजे प्रत्येक वर्गाला एक तास. त्या तासात मराठी, गणित, परिसर आणि कन्नड किंवा इंग्रजी, म्हणजे विषयाला १५ मिनिटं. त्यातूनच बिसीऊटचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, हिशेब लिहायचा, अंडी-दूध वाटायचं, सीआरपी (आसपासच्या शाळांच्या गटावर नेमलेली साधनव्यक्ती) मागतील ती माहिती ऑनलाइन भरायची, आणि बीईओ, म्हणजे गट शिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसात मीटिंग लागली की शाळेला कुलूप लावून खानापूर गाठायचं.

वाडीत शाळा आहे, म्हणजे संख्या जमली. पण रोज १५ मिनिटांत भागाकार समजत नाही, म्हणजे दर्जा गेला. आणि ज्या घरात थोडा पैसा आहे ते आपलं पोर बेळगावला मामाकडे ठेवतं. मागे राहतात शेतमजुरांची, धनगरांची मुलं, म्हणजे समताही गेली. तिन्ही टोकं एकाच खोलीत दिसतात.

एकशिक्षकी शाळा हा नाईकांचा जुना विषय. त्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. अशी शाळा बंद करणं किंवा तिच्याकडे डोळेझाक करणं, या दोन टोकांच्या मधेही वाट असते, आणि आपल्या कर्नाटकातच तिचं उदाहरण आहे. १९९० च्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नलिकली सुरू झालं. वेगवेगळ्या इयत्तांतली मुलं गटागटाने एकत्र बसतात, कार्डं घेऊन आपापल्या गतीने पुढे सरकतात आणि शिक्षक फिरत फिरत प्रत्येक गटाकडे जातो. पुढे ते राज्यभर पहिली ते तिसरीला लागू झालं. त्याच्यावर टीकाही होते. एका शिक्षकाला पाच वर्गांचा खेळ त्यानेही जमतोच असं नाही. पण १५ मिनिटांच्या तुकड्यांपेक्षा ते बरं.

कायदा काय म्हणतो तेही इथेच सांगून टाकतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० असतील तर तीन. पट १८ असला तरी दोन. ‘मुलंच कमी, मग एकच शिक्षक मिळणार’ असं कुणी सांगितलं तर ते कायद्यातलं वाक्य नव्हे.

पट, हेच्चुवरी आणि ४०-१० चा नियम

सीमाभागातल्या मराठी शाळांबद्दल बोलताना आपण भाषेपासून सुरुवात करतो. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. कन्नडमध्येच येणारी परिपत्रकं, रिकाम्या जागा, उशिरा येणारी पुस्तकं हा त्रास खरा आहे. पण शाळेच्या पोटातलं चक्र पटावर फिरतं. पट घसरला की मोजणीत शिक्षक ‘हेच्चुवरी’, म्हणजे जादा, ठरतो आणि त्याची बदली होते. शिक्षक गेला की पालकांचा धीर सुटतो. पालकांनी पोरं काढली की पट आणखी घसरतो. हे चक्र मराठी शाळेला लागतं तसंच शेजारच्या कन्नड शाळेलाही लागतं. निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातल्या कन्नड शिक्षकांशी बोलून बघा, तेही हेच सांगतील.

भाषेचा हक्कसुद्धा संख्येलाच बांधलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की एखाद्या भाषेची मुलं पूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० असतील तर त्या भाषेतून शिकवायला शिक्षक द्यायचा. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणं हा राज्यांचा प्रयत्न असावा. निवेदनात आपण ३५० अ लिहितो, पण पट नऊवर आला की त्या कलमाच्या जोरावर शिक्षक आणणं कठीण होतं. हक्काची पुस्तकं आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत.

शेजारशाळा

कोठारी आयोगाची सगळ्यांत धारदार शिफारस म्हणजे समान शाळा पद्धती, आणि तिचा पाया म्हणून शेजारशाळा. परिसरातली सगळी मुलं, सावकाराची आणि सालगड्याची, एकाच शाळेत. यामागचं कारण भावनिक कमी आणि व्यवहाराचं जास्त. ज्याचा शब्द तालुक्याला चालतो त्याचं पोर गळक्या वर्गात बसलं तर पत्रे बदलतात. त्याचं पोर दुसरीकडे गेलं की ती शाळा गरिबांची म्हणून मागे पडते, आणि गरिबांची म्हणून मागे पडलेल्या शाळेसाठी कुणी बीईओच्या दारात बसत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने या कल्पनेतलं अंतर तेवढं उचललं: पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. सगळ्यांनी एकत्र बसायचा भाग खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर आणून सोडला. कर्नाटकाने २०१९ पासून त्यातही बदल केला. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत त्या कोट्यातून सरकारी खर्चाने प्रवेश मिळत नाही. पालक चिडले. सरकारचं म्हणणं होतं की आपल्या शाळा ओस पाडून तोच पैसा खासगीला का द्यायचा? त्रिकोण इथेही आहे. हा बदल सरकारी शाळेचा पट राखू पाहतो, पण त्या शाळेत दुसरा शिक्षक पाठवत नाही, आणि पाठवत नाही तोवर पालकांची चीड मला रास्तच वाटते.

आणि आता थोडं कडू. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, सायकल फेरीत हिरिरीने घोषणा देणाऱ्या किती घरांसमोर सकाळी इंग्लिश मीडियमची व्हॅन थांबते? मी दोष देत नाही. आई-बाप पोराचं भलं बघणारच, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मातृभाषेचं माध्यम सरकार लादू शकत नाही. पण नाईकांचा हिशेब भावना बघत नाही. व्हॅनमध्ये बसलेलं प्रत्येक मराठी पोर ४० मधून एकाने वजा होतं.

शाळासमूह ही दुसरी शिफारस तेवढीच कामाची, पण साधी आहे. एक हायस्कूल मध्यभागी आणि भोवतीच्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या. विज्ञानाचं साहित्य, ग्रंथालय, खेळाचे शिक्षक सामाईक. एखादा गुरुजी आजारी पडला तर समूहातून दुसरा जाणार. वाडीवरच्या आमच्या १८ पोरांना याचा केवढा उपयोग झाला असता! आपल्याकडे क्लस्टर आले, सीआरपी आले, पण त्यांच्या वाट्याला मुख्यतः माहिती गोळा करणं आलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सरळ लिहिलंय की ही कल्पना १९६४-६६ च्या आयोगाची होती आणि ती अमलात आली नाही.

सहा टक्क्यांबद्दल दोन ओळी. १९६५-६६ साली देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्के शिक्षणावर खर्चत होता. तो १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा, असं आयोगाने सांगितलं. २०२० च्या धोरणात दिलेला २०१७-१८ चा आकडा आहे ४.४३. आयोगाच्या शिफारशींचं पुढे काय झालं याचा कठोर हिशेब नाईकांनी स्वतःच मांडला. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ साली प्रसिद्ध झालं. स्वतःच्या सर्वांत मोठ्या कामाचा पंचनामा स्वतः करणारा सरकारी माणूस विरळाच.

त्यांची आठवण कशी ठेवायची

अडचण अशी की त्यांचा वाढदिवस ५ सप्टेंबर, आणि त्या दिवशी आधीच शिक्षक दिन असतो. फोटो राधाकृष्णन यांचा लागतो, भाषणं ठरलेली, पेन आणि गुलाब ठरलेले. नाईकांचा आणखी एक फोटो लावून फार काही साधणार नाही. रस्त्याला किंवा चौकाला नाव द्यायचं म्हटलं तर आपल्या भागात ते नाव मराठी की कन्नड यावरच दोन वर्षं जातील.

त्यापेक्षा त्या आठवड्यात एसडीएमसीची, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीची, बैठक बोलवा. कर्नाटकात ही समिती २००१ पासून आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या महिलांच्या ठरवल्यात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. आपल्याकडे तो आराखडा बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि सदस्य सह्या करतात. यंदा सह्यांआधी आकडे वाचा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळखक्रमांक, असतो. त्यावरून शाळेचा पट, शिक्षक, खोल्या, शौचालयं हे सगळं इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. गेल्या पाच वर्षांचा पट फळ्यावर लिहा. शेजारी गावातल्या सहा ते चौदा वर्षांच्या एकूण मुलांचा आकडा लिहा. अंगणवाडीताईंची यादी आणि घरोघर माहिती घेऊन तो काढता येतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्हॅनमध्ये बसणारी, मामाकडे राहणारी आणि कुठेच न जाणारी मुलं. यातली शेवटची किती, ते आधी वेगळं काढा, कारण त्यांच्यासाठी वाट बघण्यात अर्थ नाही.

मग परिशिष्टाप्रमाणे किती शिक्षक हवेत आणि किती आहेत ते लिहा. कमी असतील तर कायद्याचा उल्लेख करून अर्ज बीईओंकडे आणि त्याची प्रत उपनिर्देशकांकडे द्या. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी, हुक्केरीवाल्यांचा अर्ज चिक्कोडीला जातो, खानापूरचा बेळगावला. अर्जाची पोच घ्या, तारीख टाकून घ्या. आवारात मराठी आणि कन्नड दोन्ही शाळा भरत असतील तर अर्ज दोघांनी मिळून, दोन्ही भाषांत करावा.